लगतपणाचे गणित : मतदारसंघरचनेच्या एका पद्धतीची चिकित्सा

नकाशावरील लगतचे विभाग जोडून जवळजवळ सारख्या लोकसंख्येचे गट पाडणे, हा प्रश्न वरकरणी अंकगणिताचा वाटतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली रेनॉल्ड्स खटल्यात समान लोकसंख्येचे तत्त्व राज्यांच्या विधिमंडळांस लागू केले; पुढच्याच वर्षी हेस, वीव्हर प्रभृतींनी संगणकाच्या साहाय्याने मतदारसंघ आखण्याची आपली पद्धत मांडली. प्रथम काही केंद्रे गृहीत धरावयाची. मग गटांची लोकसंख्या समान राखून विभाग असे वाटावयाचे की, प्रत्येकाची लोकसंख्या व केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग यांच्या गुणाकारांची बेरीज किमान व्हावी. नंतर नवी केंद्रे काढून तीच क्रिया पुन्हा करावयाची. कोणता विभाग कोणत्या पक्षाचा, हे यंत्रास ठाऊकच नसते, हा या पद्धतीचा खरा गुण होय.

परंतु तयार होणारा गट सलग असेलच, अशी हमी तीत नाही. ही उणीव गारफिंकेल व नेमहाउझर यांनी १९७० साली केवळ सलग गटच विचारात घेऊन दूर केली. आमचा मुख्य आक्षेप तेथे नाही, अंतराच्या कल्पनेवर आहे. कर्जत तालुक्यातील खांडसहून भीमाशंकर सरळ रेषेत अगदी जवळ. पण पायी गेल्यास शिडीची वाट, आणि गाडीने जावयाचे तर बोरघाट चढून भला मोठा वळसा. सूत्राला हा वळसा दिसत नाही.

२००८ च्या पुनर्रचनेतील मावळचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. महाराष्ट्रात विधानसभेचे सहा मतदारसंघ मिळून लोकसभेचा एक होतो. रायगडचे सात, रत्नागिरीचे पाच व सिंधुदुर्गाचे तीन मिळून पंधरा. म्हणजे तीन उरतात. पुण्याच्या एकवीसांतूनही तीनच उरतात. पनवेल, कर्जत व उरण हे मावळ, चिंचवड व पिंपरी यांस जोडले गेले ते असे. सह्याद्री ओलांडणारा मतदारसंघ म्हणून त्यास नावे ठेवणे सोपे आहे. पण दोष असलाच तर तो सहाच्या भागाकाराचा.

उलट, उरलेले तीन म्हणून महाड, दापोली व गुहागर निवडून ते भोरच्या बाजूच्या तिघांस जोडले असते, तरी संख्या जुळली असती आणि सलगताही राहिली असती. मात्र गुहागरच्या मतदारास आपल्या संघाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात जाण्यासाठी, पावसाळ्यात वारंवार बंद ठेवावा लागणारा वरंधा घाट चढावा लागला असता. बोरघाटातून रेल्वे जाते, द्रुतगती मार्ग जातो. २००२ च्या कायद्याने दळणवळणाच्या सोयी व लोकांची सुविधा ध्यानात घेण्यास सांगितले आहे ते यासाठीच. हेस यांच्या सूत्रात सरळ अंतराच्या जागी प्रवासाचा वेळ घालण्यास गणिताची काहीच आडकाठी नाही. फक्त तो वेळ श्रावणातला धरावयाचा की वैशाखातला, हे आधी ठरवावे लागेल.