नकलेची अस्सल नक्कल

पिंपरी-चिंचवडात राहणाऱ्या माणसाला जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात हे लहानपणीच कळते : ओरिजिनल आणि डुप्लिकेट. स्कूटरची केबल असो की मिक्सरचे भांडे, दुकानदार आधी तोच प्रश्न विचारतो. गिऱ्हाईक चारचौघांत "ओरिजिनलच द्या" असे मोठ्याने म्हणते आणि किंमत ऐकल्यावर हळूच विचारते, "डुप्लिकेट किती टिकेल?"

चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करून रात्री ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा आमचा भाचा मात्र कट्टर ओरिजिनलवाला. परवा तो कर्जाची चौकशी करायला आला. कशासाठी, तर चाळीस वर्षांपूर्वीचा जपानी अॅनालॉग सिंथेसायझर घ्यायला! म्हटलं, "अरे, तोच आवाज काढणारं सॉफ्टवेअर तुझ्या लॅपटॉपात आहे ना?"

"मामा, ती नक्कल आहे हो," भाचा म्हणाला. चेहरा असा, की जणू मी त्याच्या पानात अळूवडीचा फोटो वाढला.

आता कॉमर्सच्या पदवीधराने सिंथेसायझरवर मत द्यावे का? संगीताचे सोडा, पण अस्सल आणि नक्कल हा विषय आम्हा बँकवाल्यांचाच. चेकवरच्या सह्या पडताळण्यात उमेदीची वर्षे गेली. त्या अनुभवावरून सांगतो, खऱ्या माणसाच्या दोन सह्या कधी तंतोतंत जुळत नाहीत. जोशांचा 'ज' एक तारखेला ताठ असतो, महिनाअखेरीला कलतो. नमुना-सहीशी केसभरही फरक नसलेली सही समोर आली, की समजावे, कोणीतरी काचेवर कागद ठेवून गिरवली आहे.

जुन्या अॅनालॉग यंत्राचे असेच असते. त्यातला आवाज विजेच्या दाबावर चालणाऱ्या ऑसिलेटरमधून निघतो, आणि हे ऑसिलेटर उष्णतेला भारी हळवे. यंत्र तापले की सूर सरकतो. १९७० साली आलेल्या मिनीमूगमध्ये असे तीन ऑसिलेटर होते. तिघांना एकाच पट्टीत लावले तरी भजनातल्या टाळकऱ्यांसारखे ते किंचित मागेपुढे होतात आणि त्या मागेपुढे होण्यातूनच तो भरदार आवाज तयार होतो. १९८१ च्या ज्युपिटर-८ मध्ये तर असे सोळा! एवढ्या मंडळींना ताळ्यावर ठेवायचे म्हणून रोलंड कंपनीने त्यात खास बटण दिले. दाबले की सगळे आपोआप सुरात.

गंमत पुढेच आहे. संगणकाचा सूर मुळात सरकतच नाही. त्यामुळे आजच्या संगणकी नकलांत सूर मुद्दाम थोडा हलवण्याची सोय केलेली असते. एका पिढीच्या इंजिनियरांनी जो दोष घालवायला बटण बसवले, तोच दोष परत आणायला दुसऱ्या पिढीने बटण बसवले. आमच्या भाषेत सांगायचे तर, सही गिरवणारा आता मुद्दाम हात थरथरवायला शिकला.

मग फरक उरला कुठे? भाच्याच्या भोसरीतल्या मित्राकडे असे एक जुने धूड आहे. एका रविवारी ते आमच्या निगडीच्या घरी आणवले. मित्र पडद्याआड बसून कधी ते वाजवी, कधी लॅपटॉप. भाच्याने दहापैकी पाच बरोबर ओळखले, म्हणजे नाणे उडवून जेवढे मार्क पडले असते तेवढेच. सौ.ने मात्र स्वयंपाकघरात डाळ निवडता निवडता दहाच्या दहा ओळखले. आम्ही थक्क!

"त्यात काय एवढं?" ती म्हणाली. "मला इथून तो मुलगा दिसतोय की. लॅपटॉपला चिवड्याचे हात तसेच लावतो. त्या यंत्राला लावायच्या आधी पुसतो."

सगळी मेख या हात पुसण्यात आहे. मिनीमूगला स्मरणशक्ती नव्हती. एखादा सुंदर आवाज सापडला तर प्रत्येक खुंटी कुठे आहे ते कागदावर टिपून ठेवायचे. नाही टिपले तर गेला. त्यामुळे वाजवणारा सावध असे. सॉफ्टवेअरमध्ये तयार आवाजांची रास पडलेली असते आणि त्यातला एक निवडता निवडता संध्याकाळ सरते. जुन्या यंत्राच्या बाजूने एवढा मुद्दा मी बिनशर्त मान्य करतो. दुसरा मुद्दा हिशेबाचा. आमच्या पुस्तकात यंत्र म्हटले की दरवर्षी घसारा लावायचा. या यंत्रांची किंमत जुनी होता होता वाढते! घसारा उलटा कसा लिहायचा हे कॉलेजात कोणी शिकवले नव्हते.

पण हात पुसणारी मंडळी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. ज्याला ती ओरिजिनल म्हणतात, तेच मुळात डुप्लिकेट म्हणून जन्माला आले. १९५४ च्या 'नागिन'मधली ती बीन आठवा. ती कोणा गारुड्याने वाजवलेली नाही. क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर कल्याणजी आणि हार्मोनियमवर रवी, अशी ती बीन झाली. आज लग्नाच्या वरातीत रुमाल तोंडात धरून जो तो नाचतो, तो या डुप्लिकेट बिनेवर.

रोलंडची टीबी-३०३ ही पेटी १९८२ च्या सुमारास बाजारात आली ती बास गिटारची जागा घ्यायला. बास गिटारसारखी ती मुळीच वाजेना, म्हणून १९८४ साली बंदच झाली. पण त्याआधी, १९८२ साली, मुंबईच्या चित्रपटसंगीतात गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी ती पेटी, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ जोडून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. भैरवपासून बैरागीपर्यंत. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची त्या पेटीची खोड त्यांनी मींडेसारखी वापरली. रेकॉर्ड फारशी खपली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या पोरांनी त्याच पेटीतून 'अॅसिड' नावाचे नृत्यसंगीत काढले आणि जगात गाजवले. २०१० साली चरणजितांची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा लोकांनी कानावर हात ठेवले : हे तर आधीच मुंबईत झाले होते!

थोडक्यात, ती पेटी नक्कल म्हणून नापास झाली. तिच्याकडून नक्कल करून घेण्याचे सोडले, तेव्हा ती ओरिजिनल झाली.

आणि सॉफ्टवेअरवर माझा आक्षेप असेल तर तो हाच. आवाज हुबेहूब आहे, आणि स्वस्तही आहे. पण ते अजून हुबेहूबपणातच अडकले आहे. पडद्यावर जुन्या यंत्राच्या लाकडी कडासुद्धा रंगवून दाखवते. आमच्या भागातलेच उदाहरण घ्या. १९७२ साली आलेली चेतक स्कूटर पुढे बंद झाली. २०१९ मध्ये तेच नाव घेऊन विजेवरची चेतक चाकणला तयार होऊ लागली. नाव जुने, वळण जुने. पण तिला तिरकी करून किक मारण्याची सोय कोणी ठेवली नाही, आणि कोणी मागितलीही नाही. सॉफ्टवेअरने एवढे तिच्याकडून शिकावे.

बाकी, चेक पास होतो तो सहीवर. पेन कोणत्या कंपनीचे होते, हे आजवर एकाही काउंटरवर कोणी विचारलेले नाही.