बिनहुद्द्याचा कुटुंबप्रमुख

आपल्या दूरचित्रवाणीवरील विनोदात बापाची चेष्टा मनसोक्त झाली आहे. परंतु ती बाप या नात्याने झाली आहे काय, असे कोणी विचारले, तर गेल्या अर्धशतकातील मालिकांचे दफ्तर चाळूनही होकार देणे कठीण पडते. तो कारकून म्हणून फजीत पावतो, दुकानदार म्हणून गोत्यात येतो, नवरा म्हणून निरुत्तर होतो आणि मुलगा म्हणून तर हटकून बोलणी खातो. पोटच्या पोराला वाढवताना भल्याभल्यांची जी त्रेधातिरपीट उडते, तिच्याकडे मात्र आमच्या विनोदकारांनी अभावानेच पाहिले.

मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच दशकात चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ हे, अनुक्रमे दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपाने, घराघरांत येऊन बसले. चिमणरावांचे घर बायकोमुलांनी भरलेले. तथापि त्या मालिकेचा प्राण म्हणजे चिमणरावांची भेदरट सालसता व गुंड्याभाऊंचा सोटा यांची जोडी. घरातील मुले गलका करीत, वडील गांगरून जात, आणि त्या गांगरण्यातून एका पापभीरू मध्यमवर्गाचे चित्र उमटे. चित्र अव्वल होते, यात संशय नाही. परंतु त्यात पितृत्वाला पार्श्वभूमीपलीकडचे स्थान नव्हते.

हेच प्रभावळकर २००१ साली सुरू झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेत आजोबा, म्हणजे आबा, झाले, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. त्यांच्याच ‘अनुदिनी’वर आधारलेल्या आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत राजन भिसे यांनी उभा केलेला शेखर टिपरे हा आबांचा मुलगा आणि शिऱ्या-शलाकाचा बाप. घरात वडील हयात व सुबुद्ध असताना बापाचा अंमल कितपत चालावा, हा आमच्या घरांतला खरा पेच येथे प्रथम नीट मांडला गेला. मुलाला चार शब्द सुनवायचे तर ते ऐकणाऱ्यांत आपले वडीलही आहेत आणि आपण तरुणपणी काय उद्योग केले याची साक्ष तेच देऊ शकतात, ही जाणीव शेखरच्या रागाची धार बोथट करते. आणि भिसे यांचा अभिनय असा संयत की, त्या बोथट झालेल्या रागाचे हसू येते, कीव येत नाही. शिवाय शेखरचे मुलांवर लक्ष असते, तो त्यांच्यासाठी धास्तावतो, कधी चुकतो. इतके साधे काम पुढे फार थोड्यांना जमले.

हिंदीत याच त्रिपिढीय रचनेचा केवढा मोठा कारखाना झाला, हे ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ पाहिल्यास कळते. तारक मेहता यांच्या ‘चित्रलेखा’तील गुजराती सदरावरून २००८ साली निघालेली ही मालिका अद्याप चालू आहे. सकाळी उशिरापर्यंत लोळणाऱ्या जेठालालला त्याचे वडील बापूजी फर्मावतात, आणि गडा इलेक्ट्रॉनिक्सचा तो मालक शाळकरी पोरासारखा खडबडून उठतो. जेठालाल झालेल्या दिलीप जोशी यांचे ते आवंढा गिळणे, वाक्य अर्ध्यावर सोडणे, हे निखालस उच्च दर्जाचे काम आहे. (बापूजी झालेले अमित भट्ट हे वयाने जोशींहून लहान आहेत, ही गोष्ट प्रेक्षक विसरतो, यातच दोघांचे कसब आले.) पण हा जेठालाल टप्पूचा बाप म्हणून कोण आहे? २०१७ साली त्याच्या बायकोची, दयाची, भूमिका करणाऱ्या दिशा वाकानी रजेवर गेल्या, त्या परतल्या नाहीत, आणि दयाविना ते घर वर्षानुवर्षे चालत राहिले. बायको माहेरी, घरात म्हातारे वडील आणि वयात येणारा मुलगा: विनोदकाराला याहून सुपीक जमीन कोणती हवी होती? लेखकांनी तेथे काहीच पेरले नाही. दया कधी येणार ही विवंचना आणि दुकानावरची नवनवी संकटे एवढ्यावरच भागवले गेले. टप्पूचे नट बदलले, बापलेकांचे संभाषण बदलले नाही. उलट, जेठालालच्याच सोसायटीतील आत्माराम भिडे हा मास्तर, आपल्या काळाचे गोडवे गात मुलीवर, सोनूवर, डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवणारा, अधूनमधून खरा बाप वाटून जातो.

‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ (२००४) मधील इंद्रवदनाची तऱ्हा निराळी. सतीश शाह यांनी रंगवलेला हा गृहस्थ घरातील सर्वांत खट्याळ पोर आहे. रोसेशच्या कवितांची तो जी बिनदिक्कत टर उडवतो, तीत मुलाला सुधारण्याचा लवलेशही हेतू नाही. हा विनोद मला अतिशय आवडतो, आणि तरीही नमूद केले पाहिजे की, त्याला ती मुभा पैशाने दिली आहे. ज्याला मुलाच्या पोटापाण्याची चिंता नाही, त्यालाच असले काव्यशास्त्रविनोद परवडतात.

अमेरिकेत १९५४ साली सर्वज्ञ बापाची मालिका दूरचित्रवाणीवर आली आणि १९८९ साली बावळट बाप होमर सिम्पसनची स्वतंत्र मालिका सुरू झाली; म्हणजे तेथे बापाला पदच्युत करायला पस्तीस वर्षे पुरली. आमच्या बापाला ते पद मिळालेच नव्हते. त्याच्या माथ्यावर आधीच वडील बसले होते, आणि लेखकांना ते इतके सोयीचे पडले की, बापाला बाप म्हणून लिहिण्याची तसदीच त्यांनी घेतली नाही. तूर्त निकाल द्यायचा तर तो शेखर टिपऱ्याच्या बाजूने द्यावा लागतो. त्याच्या तोडीचा दुसरा बाप आमच्या विनोदी मालिकांनी अद्याप दाखवलेला नाही.