गरजेपुरताच निरोप : एका नियमाचे परीक्षण

भट्टीवरचा संवेदक दर सेकंदाला तापमान कळवतो आणि दूरचा नियंत्रक त्यानुसार आच कमी-जास्त करतो. पण तापमान स्थिर असताना तोच निरोप पुन्हापुन्हा कशासाठी? एकाच जाळ्यावर अनेक उपकरणे बोलत असली, त्यांतली काही बॅटरीवर चालत असली, की प्रत्येक निरोपाची किंमत मोजावी लागते. 'काही घडले तरच कळवा' ही घटनाधारित नियंत्रणाची कल्पना यातूनच आली. स्वीडनमधील लुंड येथील ऑस्ट्रम व बर्नहार्डसन यांनी १९९९ साली एक साधे उदाहरण गणिताने सोडवून दाखवले. निरोपांची सरासरी संख्या तेवढीच ठेवूनही विचलनाच्या वर्गाची सरासरी एक-तृतीयांशावर आली!

पुढे २००७ मध्ये पाउलो तबुआदा यांनी एक सुटसुटीत नियम मांडला. शेवटी कळवलेले मूल्य आणि आताचे मूल्य यांतील फरक हा लक्ष्यापासूनच्या अंतराच्या ठराविक हिश्शाएवढा झाला, की निरोप पाठवावा. असे केल्यास प्रणाली स्थिर राहते आणि दोन निरोपांत काही किमान काळ जातोच, हे त्यांनी सिद्ध केले. सिद्धता निर्दोष आहे; पण तीत मोजमाप अचूक असल्याचे गृहीत धरलेले आहे.

नेमकी अडचण इथेच आहे. समजा, लक्ष्य ६० अंश आणि हिस्सा एक-दशांश आहे. तापमान ७० असताना १ अंशाचा फरक पडला की निरोप जाईल. ते ६०.५ वर आले की ०.०५ अंशाचा फरकही पुरेल. आता तापमापी ०.१ अंशाने इकडेतिकडे चुकत असेल, तर तापमान न बदलताही दोन वाचनांत ०.२ पर्यंत फरक दिसेल. म्हणजे सर्व काही सुरळीत असतानाच निरोपांचा भडिमार होणार! बाहेरचा व्यत्यय कितीही लहान असला तरी या नियमातील किमान काळाची हमी टिकत नाही, हे बोर्गर्स व हीमेल्स यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले.

यावर उपाय दोन. पहिला, प्रत्येक निरोपानंतर ठराविक काळ थांबणे. पण थरथर सतत असेल तर तो काळ संपताच निरोप जाईल आणि आपण पुन्हा घड्याळाकडेच येऊ. दुसरा उपाय मला अधिक प्रामाणिक वाटतो. मर्यादेत ०.३ अंशाची स्थिर भर घालावी. मग खरे तापमान किमान ०.१ ने हलल्याशिवाय निरोप जाणार नाही. मात्र तापमान बरोबर ६० वर न थांबता त्याच्या आसपासच्या पट्ट्यात राहील, हे मान्य करावे लागेल.

तबुआदांच्या नियमाचे मोल यामुळे कमी होत नाही. तो शिकवताना 'गरज असेल तेव्हाच कळवा' एवढ्यावर मात्र थांबू नये. गरज ठरवणारे उपकरण स्वतः किती चुकते, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी आधी विचारायला हवा. एकाच भांड्यातील पाण्याचे तापमान दहा जणांना मोजायला सांगा. उत्तर वर्गातच मिळेल.