शपथेनंतरचा प्याला

ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी राम गणेश गडकरी यांचे नाव धारण करणारे रंगायतन १९७८ पासून उभे आहे, आणि सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चही त्याच परिसरात आहे. रविवारची मिस्सा आटोपून दुपारी नाटकाला जाणारी कुटुंबे आमच्यात पूर्वीपासून आहेत. तरीही गडकऱ्यांचे 'एकच प्याला' आम्ही परवा पुन्हा वाचावयास घेतले ते नाट्यप्रेमाने नव्हे. आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ व्यसनमुक्ती केंद्रात पाच आठवडे राहून डोंबिवलीला परतले होते. तिसऱ्या महिन्यात एका लग्नाच्या मांडवात कोणी तरी मोठ्या प्रेमाने त्यांच्या हाती ग्लास दिला. "एकच घ्या, आनंदाचा दिवस आहे." नाटकाचे शीर्षक आम्हांला त्या क्षणी नव्याने ऐकू आले.

गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले आणि नाटक त्याच वर्षी त्यांच्या पश्चात रंगभूमीवर आले. गंधर्व नाटक मंडळींच्या त्या प्रयोगात बालगंधर्वांनी सिंधू उभी केली. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची. तेव्हापासून रसिकांच्या स्मरणात राहिली आहेत ती सिंधूची पदे, तळीरामाचे विनोद आणि अखेरचा भीषण अंक. समीक्षकांनीही नाटकाची उकल बहुधा पहिल्या प्याल्यापासून केली: बुद्धिमान, मानी वकील सुधाकर, न्यायालयातील खटका, सनदेवर आलेले गंडांतर, आणि तळीरामाने दुःखावर उतारा म्हणून पुढे केलेला प्याला. मानी माणसाचा एका चुकीने झालेला सर्वनाश, अशी ही शोकांतिका आपण पाठ केली आहे.

आमच्या मते नाटकाचा खरा मर्मबिंदू पुढे आहे. सुधाकर दारू सोडण्याची शपथ घेतो, आणि ती मनापासून घेतो. येथे गडकऱ्यांची दृष्टी त्यांच्या काळाच्या फार पुढे गेलेली दिसते. शपथ घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी काय करतो? तो काम शोधावयास निघतो. आणि ज्यांच्या दारी जातो ते त्याला दारुडा म्हणूनच ओळखतात, त्याचा उपहास करतात. घरी सिंधू आहे, पण त्या रस्त्यावर त्याच्याबरोबर चालणारे कोणी नाही. रामलालसारखा मित्र त्याच्याशी वाद घालतो, त्याला उपदेश करतो. पुढे तर शरदविषयीच्या मोहात तो स्वतःच गुरफटतो. सुधाकर पुन्हा प्याल्याकडे वळतो. हा दुसरा प्याला पहिल्याहून घातक आहे, कारण त्यात आता शपथभंगाची लाज मिसळलेली आहे.

शुभवर्तमानातला दाखला येथे आठवल्यावाचून राहत नाही. दुष्टात्मा निघून गेल्यावर झाडून-पुसून ठेवलेले, परंतु रिकामे असलेले घर, आणि आणखी सात सोबत्यांना घेऊन त्याचे परतणे.

गंमत अशी की, रिकामे घर भरावे कसे, हेही गडकऱ्यांनी त्याच नाटकात दाखवून ठेवले आहे. भगीरथही प्रेमभंगाने दारूकडे वळलेला, मदिरामंडळात बसणारा तरुण. तो सुटतो तो रामलालच्या सहवासाने आणि त्याने दिलेल्या सेवेच्या वाटेने. एकाला सोबत आणि काम मिळाले, दुसऱ्याला उपदेश. इतके उघड साम्य-विरोधाचे चित्र रेखाटूनही नाटककाराने त्याचा अर्थ हाती धरला नाही, ही आमची तक्रार आहे. दारूच्या पकडीतून कोणी सुटत नाही, असे सुधाकर रामलालला बजावतो, आणि त्या आवेशी भाषेच्या झंझावातात प्रेक्षक भगीरथाला विसरतो. शपथ मोडली की सारे संपले, हा सुधाकराचा निष्कर्ष नाटक आपलाच करून घेते.

नेमक्या याच निष्कर्षाला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लट यांनी हात घातला. १९८५ साली ज्यूडिथ गॉर्डन यांच्यासह संपादित केलेल्या ग्रंथात त्यांनी पाय घसरणे आणि दरीत कोसळणे यांत भेद केला. एका प्याल्याने माणूस कोसळतो तो केवळ मद्याने नव्हे. 'मी नालायकच', या समजुतीनेही तो कोसळतो. व्यसनमुक्तांच्या बोलीत याला 'स्लिप' म्हणतात. पहिला घोट टाळावा हे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचे १९३५ पासूनचे शहाणपण त्यामुळे खोटे ठरत नाही. पण घोट गेलाच तर त्याच रात्री कोणाला फोन करावयाचा, हे आधी ठरलेले हवे.

सिंधूविषयी थोडे. पतीला वाचविण्यासाठी ती अखेरीस पोलिसांशीही खोटे बोलते, आणि शंभर वर्षे आपण डोळे पुसत आलो. तिला कोणी विचारले नाही की, बाई, तुला कोणाचा आधार आहे? मद्यपींच्या आप्तांसाठी चालणाऱ्या अल-अॅनॉनच्या सभा या प्रश्नापासूनच सुरू होतात.

सुधाकराला जे मिळाले नाही ते आज अगदीच दुर्लभ नाही. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांचे 'मुक्तांगण' उभे राहिले. मुक्तांगणाशी जोडलेल्या डॉ. आनंद नाडकर्णींची मानसिक आरोग्यसंस्था ठाण्यात १९९० पासून आहे. परंतु केंद्रातील आठवडे संपतात आणि मनुष्य कल्याणच्या त्याच चाळीत, त्याच लोकलमध्ये, स्टेशनबाहेरच्या त्याच परमिट रूमसमोर येऊन उभा राहतो. पगाराचा दिवस येतो, रोस येतो, नाताळ येतो. आमच्या समाजात पाहुण्याला ग्लास न देणे हा अपमान समजला जातो. विशेष हे की, द्राक्षारसाला वेदीवर स्थान देणाऱ्या ख्रिस्तसभेनेच या बाबतीत सवड ठेवली आहे: मद्यामुळे आजारी असलेल्या धर्मगुरूला बिशपांच्या परवानगीने, आंबण्याची क्रिया रोखलेला द्राक्षरस मिस्सेत वापरता येतो, असे रोमने २००३ मध्ये स्पष्ट केले. वेदीवर जे चालते ते आमच्या मांडवात चालत नाही.

तो ग्लास पुढे झाला तेव्हा आम्ही त्याच टेबलाशी बसलो होतो, आणि बोललो नाही. ते गृहस्थ पुढे आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत. अखेर सभेतील एक सोबती स्वतः डोंबिवलीला जाऊन त्यांना घेऊन आला. आता ते दर आठवड्याला सभेला जातात.

एखाद्या धर्मग्रामाच्या नाट्यमंडळाने हे नाटक कधी हाती घेतले, तर वेळेसाठी कात्री चालवावीच लागेल. तळीरामाचे दोन विनोद कमी करावेत, वाटल्यास पदेही. शपथ आणि दुसरा प्याला यांच्यामधला भाग मात्र जसाच्या तसा ठेवावा, आणि भगीरथाची भूमिका चांगल्या नटाला द्यावी.