एक कूलोम, एक मीटर आणि न तपासलेले उत्तर

‘प्रत्येकी १ कूलोमचे दोन बिंदुप्रभार एकमेकांपासून १ मीटर अंतरावर आहेत. त्यांच्यातील बल काढा.’ स्थितिक विद्युतचे प्रकरण या उदाहरणाशिवाय क्वचितच पुरे होते. विद्यार्थी सूत्रात आकडे घालतो, ९०० कोटी न्यूटन हे उत्तर काढतो आणि पूर्ण गुण मिळवतो.

पण हे उत्तर आहे तरी केवढे? ९०० कोटी न्यूटन म्हणजे सुमारे ९ लाख टनांचे वजन! शिवाय हवा मीटरला साधारण ३० लाख व्होल्ट एवढेच विद्युतक्षेत्र सहन करते. त्यापुढे ठिणगी पडते. म्हणून हवेतल्या गोलावर १ कूलोम प्रभार टिकवायचा, तर गोलाची त्रिज्या सुमारे ५५ मीटर हवी. मग ‘बिंदू’ कुठे राहिला आणि ‘१ मीटर’ कुठे? कूलोम हे एकक किती मोठे आहे, हे दाखवायला हे उदाहरण उत्तम आहे. मात्र तसे दाखवायचे असेल, तर तेच विचारले पाहिजे. नुसते ‘बल काढा’ म्हटले, की विद्यार्थी गुणाकार तेवढा शिकतो.

दुसरे नेहमीचे उदाहरण हायड्रोजन अणूचे. इलेक्ट्रॉन व प्रोटॉन यांच्यातील विद्युतबल आणि गुरुत्वबल यांची तुलना करायची असते. सोबत त्यांच्यातील अंतरही दिलेले असते. विद्यार्थी त्या अंतराचा दोनदा वर्ग करतात, दोनदा भागतात आणि घातांकांत चुकतात. वास्तविक दोन्ही बले अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतात. गुणोत्तर घेताच अंतर उडून जाते आणि सुमारे २.३ गुणिले १० चा ३९ वा घात एवढी संख्या उरते. उदाहरणातला खरा धडा हाच, आणि दिलेल्या अंतरामुळे नेमका तोच झाकला जातो. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातील स्वाध्यायात अंतर न देता थेट गुणोत्तरच विचारले आहे आणि त्याचा अर्थही विचारला आहे. ही रीत अधिक चांगली.

त्यापुढचा प्रश्न वर्गात जरूर विचारावा: गुरुत्वबल इतके दुबळे, तर चंद्राला पृथ्वीभोवती तेच कसे फिरवते? कारण वस्तुमान नेहमी बेरजेत जाते, प्रभार मात्र धन-ऋण होऊन एकमेकांना खोडतात. पृथ्वी आणि चंद्र या दोहोंत दर अब्ज गुणिले अब्ज प्रोटॉन-न्यूट्रॉनांमागे साधारण एकच प्रोटॉन जास्तीचा असता, तरी विद्युत प्रतिकर्षणाने गुरुत्वाकर्षण जवळजवळ पुसून टाकले असते. हे गणित विद्यार्थ्यांना स्वतः करू द्यावे. त्यासाठीही अंतर लागत नाही.

उदाहरणे बदलणे आपल्या हाती नसेल, तरी प्रत्येक उत्तरानंतर दोन प्रश्न विचारता येतील: हे उत्तर प्रत्यक्षात शक्य आहे का? आणि दिलेल्यांपैकी कोणती माहिती लागलीच नाही? त्यांच्या उत्तरांनाही गुण ठेवावेत.