हातठशाची चांदीची नाणी : लिलावातील किंमत आणि ऐतिहासिक मूल्य

जुन्या नाण्याची योग्यता ठरविण्याच्या दोन कसोट्या प्रचलित आहेत. एक संग्राहकाची, दुसरी इतिहासाच्या अभ्यासकाची. पहिलीचा निकाल लिलावगृहात लागतो आणि तो आकड्यांत सांगता येतो. दुसरीचा निकाल शोधनिबंधातून हळूहळू सिद्ध होतो. आकडा स्पष्ट असल्यामुळे तोच नाण्याच्या महत्त्वाचा निदर्शक होय, असा समज सहज रूढ होतो. हा समज कितपत टिकतो, हे इंग्लंडमधील मध्ययुगीन चांदीच्या ‘पेनी’च्या आधारे तपासून पाहणे उद्बोधक ठरेल, कारण या नाण्याइतका दीर्घ आणि पद्धतशीर अभ्यास फार थोड्या नाण्यांच्या वाट्याला आला आहे.

इ. स. ९७३ च्या सुमारास एडगर राजाने देशभर एकाच घडणीची पेनी चालू केली आणि तीवर टांकसाळीचे व टांकसाळ्याचे नाव घालण्याची पद्धत स्थिर केली. चांदीची चकती खालच्या ठशावर ठेवावयाची, वरचा ठसा तीवर धरावयाचा आणि हातोड्याचा घाव घालावयाचा, अशी ही कृती होती. घाव किंचित तिरपा बसला की राजाचा चेहरा अर्धवट उमटे. चकती सरकली की टांकसाळीचे नावच नाण्याबाहेर जाई. म्हणून एकाच ठशाच्या जोडीतून निघालेली दोन नाणीसुद्धा तंतोतंत सारखी नसतात. संग्राहकाचा छंद व अभ्यासकाची साधना या दोहोंचे मूळ या विषमतेतच आहे.

लिलावाच्या सूचीत नाण्याचे वर्णन ठराविक क्रमाने येते. राजा, प्रकार, टांकसाळ व टांकसाळ्या, वजन. त्यानंतर झिजेवरून ठरविलेली प्रत, म्हणजे ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’ इत्यादी. त्यानंतर दुर्मीळता आणि शेवटी पूर्वीच्या मालकांची परंपरा. किंमत ठरते ती मुख्यतः प्रत, दुर्मीळता व राजाच्या नावाचे आकर्षण या तीन गोष्टींवर. यांपैकी प्रत ही बहुतांशी योगायोगाची देणगी असते. जे नाणे पाडल्यानंतर लगेच जमिनीत पुरले गेले ते तेजस्वी राहिले. जे शेकडो हातांतून फिरले ते झिजले. अर्थव्यवहाराच्या इतिहासकाराला मात्र हे दुसरे नाणेच अधिक बोलके वाटते. दोन किंवा चार तुकडे करून अर्धपेनी व पावपेनी म्हणून वापरलेली नाणी हे याचे उत्तम उदाहरण होय. बाजारात त्यांना मान बेताचाच. परंतु सामान्य माणसाला पेनीहून लहान नाण्याची किती निकड होती, याचा त्यांच्याइतका प्रत्यक्ष पुरावा दुसरा नाही. लहान मूल्याची गोल नाणी नियमितपणे निघू लागली ती एडवर्ड पहिला याच्या १२७९ च्या सुधारणेनंतर.

मूल्यमापनाची कसोटी काळानुसार किती बदलते, हे टील्बी येथील ठेव्यावरून दिसते. लिंकनशायरमधील या गावी १८०७ मध्ये हेन्री दुसरा याने ११५८ पासून पाडलेल्या पेनींचा, पाच हजारांहून अधिक नाण्यांचा, ठेवा सापडला. या नाण्यांचा कस व वजन उत्तम; घडण मात्र अत्यंत ओबडधोबड. अक्षरे अपुरी, चकत्या वेड्यावाकड्या. त्या काळच्या दृष्टीने त्यांची किंमत चांदीच्या वजनाएवढी होती. काहीशे नाणी निवडून बाकीची वितळविण्यात आली. पुढे हा संपूर्ण नाणेप्रकारच ‘टील्बी’ या नावाने ओळखला जाऊ लागला. म्हणजे ज्या ठेव्याने शास्त्राला नाव पुरविले, त्याचा बराच मोठा भाग शास्त्राला पाहावयासही मिळाला नाही.

राजाच्या नावाचे आकर्षण हा दुसरा विचारणीय मुद्दा होय. ११८० ते १२४७ या काळात निघालेल्या ‘आखूड क्रूसा’च्या सर्व इंग्लिश पेनींवर हेन्री हेच नाव आहे. हेन्री दुसरा, रिचर्ड, जॉन व हेन्री तिसरा अशा चार राजांच्या कारकिर्दी मध्ये येऊन गेल्या; नाव मात्र बदलले नाही. जॉन इव्हान्स यांनी १८६५ मध्ये या कोड्याची उकल केली आणि लॉरेन्स यांनी १९१५ मध्ये अक्षरांची वळणे, केसांच्या बटा व टांकसाळ्यांची नावे यांवरून या नाण्यांचे वर्ग पाडले. या वर्गीकरणामुळेच एखादी पेनी रिचर्डच्या काळातील ठरविता येते, आणि ती ‘रिचर्डची’ ठरली की तिचा भाव वाढतो. ज्या नाण्यावर त्या राजाचे नावही नाही त्यावर त्याच्या कीर्तीसाठी जादा किंमत द्यावयाची, हा व्यवहार सर्वस्वी विद्वानांच्या परिश्रमावर उभा आहे. बाजार शास्त्राचा ऋणी असतो तो असा.

हे ऋण एकतर्फी मात्र नाही. माँटेग्यू यांच्या संग्रहाचा १८९५ ते १८९७ मधील आणि लॉकेट यांच्या संग्रहाचा १९५५ पासून १९६१ पर्यंत चाललेला लिलाव, यांच्या सूची आजही संशोधनाची साधने म्हणून वापरल्या जातात. खाजगी कपाटांतील नाणी छायाचित्रांसह प्रकाशात येतात ती अशा सूचींतूनच. आणि दोन नाणी एकाच ठशाची आहेत किंवा नाहीत, हे पडताळण्यास छायाचित्र पुरेसे असते. संग्राहकांची आवड नसती तर असंख्य नाणी टील्बीच्या वाटेनेच गेली असती. म्हणून लिलावाचा सरसकट निषेध करणे हे अज्ञानाचे लक्षण ठरेल.

दोष आहे तो निराळ्याच ठिकाणी. लिलाव नाण्याला एकटे पाडतो. २०१५ मध्ये ऑक्सफर्डशायरमधील वॉटलिंग्टनजवळ सुमारे दोनशे नाण्यांचा ठेवा सापडला. वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्शियाचा केओलवुल्फ दुसरा यांनी एकाच घडणीची नाणी पाडली होती, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. ‘दोन सम्राट’ या प्रकाराची पूर्वी अवघी दोन नाणी ज्ञात होती. या ठेव्यात तेरा निघाली. वेसेक्सच्या बखरकारांनी केओलवुल्फला व्हायकिंगांच्या हातचे बाहुले म्हणून हिणविले होते. नाण्यांची साक्ष मात्र दोन समान मित्रराजांची आहे. येथे एक विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. नाण्यांची संख्या वाढल्याने दुर्मीळतेचा भाव उतरतो, तर पुराव्याचे बळ नेमके त्याच कारणाने वाढते. दोन नाणी हा अपवाद मानता येतो. पंधरा नाणी हे धोरण मानावे लागते.

त्याच वर्षी हेरफर्डशायरमध्ये लेमिन्स्टरजवळ याच काळातील दुसरा ठेवा सापडला. सापडणाऱ्यांनी तो दडवून परस्पर विकावयास काढला. सुमारे तीनशे नाण्यांपैकी तीसएकच हाती लागली आणि २०१९ मध्ये संबंधितांना शिक्षा झाली. उरलेले प्रत्येक नाणे उद्या बाजारात आले, तर त्याला कदाचित मोठी बोली मिळेल. परंतु ते कोणत्या नाण्यांच्या सोबतीने आणि कोणत्या प्रमाणात पुरले होते, ही माहिती कोणत्याही किमतीस परत मिळणार नाही.

१९९६ च्या ‘ट्रेझर अ‍ॅक्ट’ने या प्रश्नावर एक तोडगा काढला आहे. अशा ठेव्याची वर्दी द्यावयाची, वस्तुसंग्रहालयाने तो बाजारभावाने घ्यावयाचा आणि ती रक्कम सापडणाऱ्यास व भूस्वामीस बक्षीस म्हणून द्यावयाची. प्रामाणिकपणाला मोबदला मिळावा, ही योजना शहाणपणाची आहे. मात्र तीमुळे लिलावाचा भाव हाच राष्ट्रीय ठेव्याचाही मापदंड झाला. वॉटलिंग्टनच्या ठेव्यासाठी अ‍ॅशमोलियन संग्रहालयास साडेतेरा लक्ष पौंड उभे करावे लागले. २०१९ मध्ये च्यू व्हॅलीत सापडलेल्या २,५८४ नाण्यांसाठी २०२४ मध्ये त्रेचाळीस लक्ष पौंड मोजावे लागले. १०६६ च्या सत्तांतराच्या काळातील या ठेव्यात एका बाजूस हॅरल्डचा व दुसऱ्या बाजूस विल्यमचा ठसा असलेली नाणीही आहेत. नव्या ठशांचे शुल्क चुकविण्यासाठी टांकसाळ्यांनी जुने ठसे वापरले, असा त्यांचा अर्थ लावला जातो. बाजार त्यांना चमत्कारिक म्हणून किंमत देतो, इतिहास साक्षीदार म्हणून.

महाराष्ट्राच्या अभ्यासकाला ही चर्चा परकी वाटण्याचे कारण नाही. नाशिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उठविली होती. ही नाणी मध्ययुगाच्या फार पूर्वीची असली, तरी तत्त्व तेच. त्यांतील एखादे सुटे नाणे फार तर एका राजाने दुसऱ्याचे नाणे आपलेसे केल्याचे सांगते. पराभूत क्षत्रपाचे चलन किती व्यापक प्रमाणावर विजेत्याच्या नावाने फिरू लागले, हे सांगते ती केवळ ठेव्यातील संख्या.

तात्पर्य, लिलावातील किंमत ही खोटी नव्हे; ती अपुरी आहे. ती सुट्या नाण्याची किंमत असते, तर नाण्याचा ऐतिहासिक अर्थ त्याच्या सोबत्यांत असतो. म्हणून सूची वाचताना शेवटच्या रकान्यातील आकड्याआधी नाणे कोठे, केव्हा आणि कशाबरोबर सापडले, याची नोंद शोधावयास हवी. जेथे ती नोंद नाही, तेथे नाणे कितीही सुंदर असले तरी त्याचा निम्मा मजकूर पुसला गेला आहे, असेच समजले पाहिजे.