दक्षिण : कोणाच्या उजव्या हाताची?

मागल्या वर्षी बी.ए.च्या वर्गात व्युत्पत्ती शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, दक्षिण दिशा आणि भटजीची दक्षिणा यांचा काही संबंध आहे का?" मी पुस्तकातले उत्तर दिले. ते चूक नव्हते. पण घरी येईपर्यंत ते मला अपुरे वाटू लागले होते. आपल्या भाषेच्या अध्यापकांनी शब्दांचा जो इतिहास आजवर सांगितला, त्याचेच अपुरेपण त्यात होते. म्हणून हा लेख.

पुस्तकातले उत्तर असे. संस्कृतात 'दक्ष्' म्हणजे समर्थ असणे. त्यावरून 'दक्षिण' म्हणजे कामाचा, कसबी हात, अर्थात उजवा. अवेस्तातला 'दशिन' आणि लॅटिनमधला 'देक्स्तेर' हे त्याचे सगेसोयरे. उगवतीकडे तोंड करून उभे राहिले की उजवा हात ज्या बाजूला पडतो ती दक्षिण. पूर्व म्हणजे पुढची, पश्चिम म्हणजे पाठची आणि उत्तर म्हणजे वरची. पालीत 'दक्खिण' झाले, पुढे दख्खन झाले, हिंदीत 'दाहिना' उरला. मराठीने मात्र 'उजवा' हा शब्द 'ऋजु'पासून, प्राकृत 'उज्जु'मार्गे घेतला. त्यामुळे आपल्या तोंडी दक्षिण हातापासून तुटली. तिच्यातली कसबाची आठवण गेली आणि दिशा तेवढी उरली.

येथे व्युत्पत्तिशास्त्र पुस्तक मिटते. माझी तक्रार येथून सुरू होते.

उगवतीकडे तोंड करून दिशा ठरवणे ही काही एकट्या वैदिकांची रीत नव्हे. आयरिश भाषेतही उजवा आणि दक्षिण यांना एकच शब्द आहे. अरबीत 'यमीन' म्हणजे उजवा, आणि यमन हा देशही त्याच मुळाचा. तेव्हा शब्द जन्मतः निर्दोष आहे. निर्दोष कसला, गौरवाचाच आहे. राबणाऱ्या हाताचे ते नाव. मग त्या हाताची दिशा अशुभ कशी झाली? हा प्रश्न कोशाच्या पानावर येत नाही, कारण त्याचे उत्तर धातूत सापडत नाही. ते समाजरचनेत शोधावे लागते.

दक्षिण मुळापासून यमाचीच होती, असे आपल्याला सांगितले जाते. अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडातले सत्ताविसावे सूक्त काढून पाहावे. तेथे दक्षिणेचा अधिपती इंद्र आहे, यम नव्हे. पितर त्या दिशेला आहेत हे खरे, पण त्यांच्यामुळे ती टाकाऊ ठरलेली नाही. पुढे ती यमाची झाली, आणि मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तिचा जातीशी व्यवहार झाला. शूद्राचे प्रेत नगराच्या दक्षिण दरवाजाने न्यावे, द्विजांची पश्चिम, उत्तर, पूर्व या दरवाजांनी. मेल्यावरही रस्ता एक नाही. आणि हा नियम नगरात राहणाऱ्यांचा. जो वेशीच्या आतच नव्हता, त्याच्यासाठी दरवाजा कशाला लागतो? कौटिल्याने चांडाळांना स्मशानाच्या कडेला जागा देऊन तो प्रश्न मिटवून टाकला होता.

बाबासाहेबांनी अस्पृश्यांवर लादलेल्या गावसंहितेची कलमे एके ठिकाणी मांडली आहेत. त्यांत वस्ती दक्षिणेला असावी, कारण ती सर्वांत अशुभ दिशा, असे एक कलम आहे; ते मोडणे हा गुन्हा. हे वाचले तेव्हा मला माझे गाव आठवले. आमचा महारवाडा दक्षिणेला नव्हता, पूर्वेला होता. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, गावाचा उतारही आमच्याकडे, त्यामुळे गावावरून वाहून आलेले सगळे आमच्या दारात. वारा मात्र आमच्याकडून गावाकडे जाणार नाही याची सोय झाली. पूर्व ही देवांची, सूर्याची दिशा. पण आमच्या वाट्याला आल्यावर तिचे पावित्र्य कुठे गेले? पुष्कळ गावांत हेच दिसेल. दिशेमुळे वस्ती हलकी ठरत नाही. वस्ती ठरल्यावर दिशेला कारण चिकटवले जाते. शुभाशुभाचे शास्त्र मागाहून आलेला कारकून आहे, निकाल आधीच लागलेला असतो. (दक्षिणमुखी मारुतीपुढे रांग लागते आणि दक्षिणमुखी घराला गिऱ्हाईक मिळत नाही, हेही त्याच कारकुनाचे काम.) 2020च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. नावे बदलतील. उतार बदलायचा राहिला आहे.

आता दक्षिणा. शतपथ ब्राह्मण सांगते की मारला गेलेला यज्ञ निर्बळ झाला आणि देवांनी त्याला दक्षिणेने पुन्हा समर्थ, 'दक्ष' केले. म्हणजे पुरोहिताला गाई दिल्याशिवाय यज्ञात जीव येत नाही! व्युत्पत्ती स्वतःच्या वेतनासाठी कशी वापरावी याचा हा जुना धडा. उजव्या हाताची कर्तबगारी राबणाऱ्याकडे राहिली, तिचे मोल घेणाऱ्याकडे गेले. पेशव्यांच्या पुण्यात श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. ती रक्कम रयतेच्या सारावसुलीतूनच येणार, दुसरीकडून कुठून? इंग्रजी अमलात त्याच निधीतून ग्रंथांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली. जोतीराव फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून तिच्याकडे दिले. ग्रहांची भीती घालून कुणबी बाईला नाडणारा जोशी त्यात आहे. कमिटीने नाटक नाकारले. दक्षिणेवर टीका करणाऱ्याला दक्षिणेतून बक्षीस कसे मिळेल? मराठी नाटकाचा इतिहास शिकवताना हा नकार एका ओळीत उरकतात; मला तो या शब्दाच्या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग वाटतो.

या शब्दाला दुसरा इतिहासही आहे, आणि तो पालीत आहे. सिगाल नावाचा गृहस्थपुत्र सकाळी ओलेत्याने सहा दिशांना हात जोडत होता. तथागतांनी त्याला दिशांचा नवा अर्थ दिला. आईबाप पूर्व, आचार्य दक्षिण, बायकामुले पश्चिम, मित्र उत्तर. ज्या दिशेला इतरांनी यम बसवला, तेथे बुद्धाने गुरुजी बसवले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांच्या विनयात या उपदेशाला जागा दिली.

पण टीका करायची तर आपल्या घरातल्या ग्रंथावरही करावी. त्या उपदेशात चाकर आणि कामकरी ही खालची दिशा आहे आणि श्रमण-ब्राह्मण वरची. हे मला खटकते. तेवढ्यावर सुत्त टाकून द्यायला मात्र मी तयार नाही, कारण त्या खालच्या दिशेबद्दल धन्याची पाच कर्तव्ये लगेच सांगितली आहेत : झेपेल तेवढेच काम, अन्न आणि वेतन, आजारात शुश्रूषा, गोडधोडात वाटा, वेळेवर सुट्टी. मनूच्या दक्षिण दरवाजाशेजारी ही यादी ठेवून पाहावी.

त्या विद्यार्थिनीला पुढच्या तासाला मी हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "सर, आमच्या घराचं दार दक्षिणेला आहे. आई म्हणते, म्हणून जागा स्वस्तात मिळाली." वर्ग हसला. मग एक-दोघांनी आपापल्या वस्तीची दिशा सांगितली, आणि तास संपेपर्यंत फळ्यावर सात गावांचे नकाशे झाले होते.